आधी गळती, मग प्रेशर : निपाणीतल्या एका सीपॅप यंत्राच्या जुळणीचे प्रकरण

झोपेत घसा मिटून श्वास अडू नये (या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात) म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र तीन महिने रोज लावूनही झोप न सुधारलेल्या एका रुग्णाचे हे प्रकरण आहे. ते एका माणसाचे नाही. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यातल्या रुग्णांच्या नेहमीच्या अडचणी एकत्र करून ते रचले आहे, आणि आकडेही अशा रुग्णांत दिसतात त्या बेताचेच घेतले आहेत. ज्याच्या घरात यंत्र आहे पण उपयोग होत नाही, त्याला यातले निम्मे तरी ओळखीचे वाटेल.

रुग्ण ५६ वर्षांचे, निपाणीचे, दिवसभर तंबाखूच्या वखारीत बसणारे. उंची १६८ सेंमी, वजन ९४ किलो, म्हणजे बीएमआय ३३. गळ्याचा घेर ४३ सेंमी. बीपीच्या दोन गोळ्या चालू, रात्री चार वेळा लघवीला उठणे. घोरणे जुनेच होते, त्याची कुणाला काळजी वाटली नव्हती. महामार्ग ४८ वर संकेश्वरकडे जाताना भर दुपारी डुलकी लागली, गाडी दुभाजकाला घासली आणि मग तपासणी झाली. घरी केलेल्या झोपेच्या तपासणीत एएचआय ३८ आला. तासाभरात सरासरी ३८ वेळा श्वास एकतर पूर्ण थांबतो किंवा अर्धवट अडतो, असा त्याचा अर्थ. पाचच्या आत असेल तर ठीक समजतात. तीसच्या वर तीव्र. ऑक्सिजन एका क्षणी ७६ टक्क्यांपर्यंत उतरला होता. दिवसाची पेंग मोजणाऱ्या एपवर्थ प्रश्नावलीत २४ पैकी १७ गुण, तिथे दहाच्या वरचा आकडा चिंतेचा धरतात.

ऑटो सीपॅप, म्हणजे प्रेशर स्वतःच कमी-जास्त करणारे यंत्र, कोल्हापुरातून घेतले. यंत्र खोक्यातून निघाले तसेच पलंगाशेजारी बसले: प्रेशर ४ ते २० (सेंमी पाण्याच्या मापात), रॅम्प, म्हणजे सुरुवातीला प्रेशर हळूहळू चढवण्याचा वेळ, ४५ मिनिटे आणि तोही ४ पासून, श्वास सोडताना प्रेशर उतरवणारी ईपीआर पूर्ण ३ वर, मध्यम मापाचा नाकाचा मास्क. पहिल्या आठवड्यात पाइपमध्ये पाणी साचले म्हणून हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर बंद केला, तो बंदच राहिला.

तीन महिन्यांनंतरची तक्रार त्यांच्याच शब्दांत : "मशीन लावलो की पहिली दहा मिनिटं जीव गुदमरतोय. आणि पहाटं डोळ्यात वारं मारतंय." त्यांच्या पत्नीने जास्त कामाची माहिती दिली. पहाटे तीननंतर त्यांचे तोंड उघडे असते, मास्कमधून शिट्टीसारखा आवाज येतो, आणि झोपेत मास्क काढून ते उशीखाली सारतात. सकाळी पोट हवेने फुगलेले. यंत्राच्या पडद्यावर एएचआय १४. प्रेशर कमी पडते आहे, किमान प्रेशर एकदम १२ करा, नाहीतर श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळे प्रेशर देणारे महागडे बायलेव्हल यंत्र घ्या, असा सल्ला फोनवरून मिळालेला होता.

तो सल्ला मानला असता तर यंत्र कपाटात गेले असते, असे आमचे स्पष्ट मत आहे. इथे प्रेशर आधीच गरजेपेक्षा जास्त चढत होते.

कार्डातला डेटा

पडद्यावरचा एक आकडा आणि मोबाइलवरचा हसरा चेहरा यांवर जुळणी होत नाही. यंत्रातल्या एसडी कार्डावर प्रत्येक श्वासाचा आलेख साठतो आणि ऑस्कर नावाच्या मोफत संगणक प्रोग्रॅममध्ये तो उघडता येतो. यंत्र पूर्ण थांबल्यावरच कार्ड काढायचे. संगणकात घालण्याआधी कार्डाच्या कडेची छोटी कळ लॉककडे सरकवायची, म्हणजे संगणक त्यावर स्वतःच्या फाइली लिहीत नाही. परत यंत्रात घालताना ती कळ उघडायला विसरलात तर त्या रात्रीची नोंदच होत नाही. खानापूरच्या घाटाकडच्या गावांत मोबाइलचे नेटवर्क नीट नसते आणि यंत्राची माहिती आपोआप कुठे जात नाही. तिथे तर कार्ड हाच एक आधार.

चौदा रात्रींचे चित्र असे होते. रोजचा सरासरी वापर ३ तास ४० मिनिटे. एएचआय १४.२, त्यात घसा मिटून थांबलेले श्वास ५.१, अर्धवट अडलेले ४.९, घसा उघडा असूनही थांबलेले ३.६ आणि यंत्राला प्रकार ओळखता न आलेले ०.६. मधले प्रेशर (निम्मी रात्र याच्या वर, निम्मी खाली) ९.८. रात्रीच्या ९५ टक्के वेळात प्रेशर १७.६ किंवा त्याखाली. आणि गळती, त्याच ९५ टक्क्यांच्या हिशेबाने, मिनिटाला ४६ लिटर.

या सगळ्यात आधी बघायचा तो शेवटचा आकडा. मास्कला श्वासातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जावा म्हणून मुद्दाम बारीक छिद्रे ठेवलेली असतात. रेसमेडची यंत्रे ती हवा वजा करून उरलेली, म्हणजे नको असलेली गळती दाखवतात, आणि तिथे २४ लिटर ही मर्यादा आहे. फिलिप्सची यंत्रे छिद्रांसकट एकूण हवा दाखवतात, म्हणून तिथला आकडा मोठा दिसतो आणि तो २४ शी ताडून बघण्यात अर्थ नाही. या रुग्णाच्या यंत्रात छिद्रांची हवा वजा होत होती. ४६ म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट.

गळती एवढी झाली की बाकीचे आकडे डळमळतात. श्वास थांबल्यावर यंत्र हवेची अगदी बारीक कंपने सोडते आणि त्यांचा प्रतिसाद पाहून घसा मिटला आहे की उघडा, हे ठरवते. हवा बाहेरच पळत असेल तर तो प्रतिसाद कळत नाही. म्हणून ओळख न पटलेल्या श्वासांचा ०.६ हा आकडा लहान दिसला तरी खूण मोठी आहे.

आलेख शेजारी शेजारी ठेवल्यावर रात्रीची साखळी उलगडली. ४ प्रेशरवर सुरुवात, तिथे ९४ किलोच्या माणसाला हवा अपुरी वाटते, हाच तो "जीव गुदमरतोय". झोप लागते तेव्हा प्रेशर अजून ५-६ वर असते आणि घसा मिटतो. यंत्र पाठलाग करत प्रेशर चढवते. ते १३-१४ च्या वर गेले की नाकाच्या पुलापाशी मास्कची कड उचलते आणि तोंड उघडते. गळतीने झोप चाळवते. अर्धवट जागेपणी श्वास अनियमित होतो, यंत्र त्यालाही 'घसा उघडा, श्वास बंद' म्हणून मोजते. हवा अन्ननलिकेत जाते, पोट फुगते. शेवटी हात आपोआप मास्ककडे जातो.

क्रम यातूनच ठरला: मास्क, नाक आणि तोंड, मान, आणि सगळ्यांत शेवटी प्रेशर. एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदलाला निदान चार-पाच रात्री द्यायच्या. एकाच रात्री तीन गोष्टी बदलल्या की सुधारले ते कशाने आणि बिघडले ते कशाने, हे कुणालाच सांगता येत नाही.

मास्क

हे रुग्ण मास्क आरशासमोर उभे राहून, यंत्र बंद असताना बांधत. आडवे झाल्यावर गालांचे मांस मागे सरकते आणि मास्कची बसण बदलते. शिवाय सिलिकॉनच्या दुहेरी कडेत हवा भरल्यावरच ती चेहऱ्यावर नीट टेकते. पट्टे करकचून आवळले की ती चेपते आणि उलट जास्त गळते. रुग्ण रोज एक एक घर आवळत गेले होते, नाकाच्या पुलावर लाल व्रण पडला होता, आणि गळती वाढतच होती.

बरोबर पद्धत अशी. सगळे पट्टे ढिले करायचे. रोजच्या उशीवर, रोजच्या कुशीवर झोपायचे. यंत्र सुरू करून मास्क फिट चाचणी लावायची. त्यात यंत्र थोडा वेळ वाढीव प्रेशर देते. मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून परत टेकवायचा, म्हणजे कड फुलते. आधी खालचे दोन पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे, मग वरचे. पट्ट्याखाली दोन बोटे सहज गेली पाहिजेत. कूस बदलून पुन्हा तपासायचे.

आणखी दोन गोष्टी सापडल्या आणि त्या आपल्याकडच्या घरांत मुद्दाम विचाराव्यात अशाच आहेत. एक, झोपण्याआधी डोक्याला आणि चेहऱ्यावर खोबरेल तेल चोळण्याची सवय. तेलावरून सिलिकॉन घसरते आणि काही महिन्यांत कड चिवट, पिवळट होते. तेल सकाळच्या आंघोळीआधी लावायचे ठरले. रात्री चेहरा साबणाने धुऊन कोरडा करायचा, आणि मास्कची कड रोज सकाळी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवायची. दुसरी, भरघोस मिशी. नाकाच्या मास्कची खालची कड बरोबर मिशीच्या वरच्या रेषेवर बसत होती. मिशी काढायला सांगण्याचे कारण नव्हते. नाकपुड्यांखालची बोटाच्या पेराएवढी रेघ बारीक छाटून घेतली, तेवढे पुरले. कुशनचे माप मोजपट्टीच्या कागदावर पाहिले तेव्हा मध्यमऐवजी रुंद माप बसत होते. ते बदलले.

सहा रात्रींनंतर गळती ४६ वरून २७ वर, एएचआय ९.८, ९५ टक्क्यांचे प्रेशर १५.२. प्रेशरला अजून हातही लावला नव्हता. वापर साडेचार तासांवर गेला.

नाक, तोंड आणि उशी

उरलेल्या गळतीचा आकार निराळा होता. मास्कच्या कडेची गळती प्रेशरबरोबर हळूहळू चढते, उतरते. इथे आलेख एकदम उभा चढत होता, दहा-पंधरा मिनिटे वर सपाट राहत होता आणि एकदम खाली येत होता. हे बहुतेक वेळा तोंड उघडण्याचे लक्षण. सकाळी जीभ टाळूला चिकटते, या तक्रारीशी ते जुळले.

अशा वेळी नाकतोंडाचा मोठा मास्क देऊन टाकण्याचा मोह होतो. काहींना तो लागतोच. पण त्याची कड लांब असल्याने गळतीच्या जागा वाढतात, पट्टे जबड्याला मागे ढकलतात आणि पुष्कळांना जास्त प्रेशर लागते. तोंड का उघडते, हे आधी बघावे.

कारण नाकात होते. वखारीत तंबाखूची बारीक धूळ, त्यात पावसाळ्याची ओल. दोन्ही नाकपुड्या आलटून पालटून बंद. कान-नाक-घसा डॉक्टरांनी तपासले, स्टेरॉइडचा नाकातला फवारा सुरू केला आणि रात्री मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितले. हे पाणी उकळून गार केलेलेच हवे. नळाचे किंवा बोअरचे कच्चे पाणी नाकात घालू नये, त्यातून दुर्मिळ पण जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. झोपण्याआधीची तंबाखूची चिमूट बंद केली, कारण निकोटीन झोप हलकी करते.

ह्युमिडिफायर पुन्हा सुरू केला, कारण कोरड्या हवेचा झोत लागला की नाकाचे अस्तर सुजते आणि तोंड उघडते. पाइपमधल्या पाण्याचा प्रश्न मात्र खरा होता. डिसेंबर-जानेवारीत बेळगावकडच्या रात्री चांगल्या गार असतात. ऊबदार ओली हवा थंड पाइपमधून जाताना तिचे थेंब होतात, पाइप गुळगुळतो आणि नाकावर पाणी उडते. त्यासाठी ह्युमिडिफायर बंद करायचा नसतो. आठपैकी चारवर आणला, पाइपला जुन्या लोकरी शालीचा पट्टा शिवून गुंडाळला आणि यंत्र पलंगाच्या उशाच्या कप्प्यातून काढून गादीपेक्षा खालच्या स्टुलावर ठेवले, म्हणजे थेंब झालेच तर परत टाकीकडे उतरतात. गरम होणारा पाइप असेल तर त्याचे तापमान दोन-तीन अंशांनी वाढवले की बहुधा भागते. यंत्र हलवताना टाकी आधी काढायची. पाण्यासकट तिरके केले तर पाणी मोटरमध्ये जाते.

टाकीत बोअरचे पाणी वापरत होते, तळाशी पांढरी खरड जमली होती. औषधाच्या दुकानातले डिस्टिल्ड पाणी उत्तम. ते नाही मिळाले तर आरओचे चालवून घ्यावे, पण रोज बदलावे. गॅरेजमध्ये 'बॅटरीचे पाणी' म्हणून मिळते ते या टाकीत घालू नये. ते श्वासासाठी बनवलेले नसते आणि बाटलीत नेमके काय आहे याचा भरवसा नाही. साचलेली खरड एक भाग व्हिनेगर आणि दहा भाग पाणी यांत भिजवून निघाली.

मग उशी. आलेखात पहाटेच्या सुमारास मिटलेल्या श्वासांचे घोस दिसत होते: पंधरा-वीस मिनिटांत आठ-दहा, मग तासभर काहीच नाही. प्रेशर चढूनही घोस सुटत नव्हता. एवढ्या दाटीने येणारे आणि प्रेशरला दाद न देणारे अडथळे दिसले की मानेचा कोन तपासावा. हनुवटी छातीकडे झुकली की गळ्याची वाट बाहेरूनच मुडपते, आणि ती हवेच्या दाबाने उघडत नाही. हे रुग्ण कापसाच्या दोन टणक उशा घेऊन उताणे झोपत. एक उशी काढली, कुशीवर झोपण्यासाठी पाठीशी तक्क्या लावला. घोस कमी झाले पण गेले नाहीत, म्हणून मऊ फोमचा मानेचा पट्टा रात्रीपुरता दिला. तो हनुवटी खाली जाऊ न देण्यापुरताच उंच हवा, आवळ नको. बोट फिरले पाहिजे. डोक्यावरून बांधायचा हनुवटीचा पट्टा इथे टाळला, कारण तो जबडा वर ओढताना मागेही ओढतो आणि जीभ घशाकडे सरकते. तोंडाला चिकटपट्टी लावण्याचे व्हिडिओ फिरतात. ज्याचे नाक चोंदते, ज्याला आंबट पाणी वर येते, त्याने तो प्रयोग अजिबात करू नये.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी गळती १३, एएचआय ६.४, मधले प्रेशर ८.९, ९५ टक्क्यांचे ११.८. ज्या घशाला १७-१८ लागते असे वाटत होते, त्याला १२ च्या आत भागत होते.

प्रेशर

आता प्रेशरच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत होता. हे बदल छातीरोगतज्ज्ञांच्या लेखी सूचनेने केले, आणि तसेच करावेत. सूचनेत मोड, किमान, कमाल, ईपीआर, रॅम्प आणि मास्कचे नाव-माप एवढे सगळे असले पाहिजे. नुसते "ऑटो सीपॅप लावा" ही सूचना पुरेशी नाही.

किमान प्रेशर आधी ४ वरून ८ केले. स्वच्छ रात्रींचे मधले प्रेशर ८.९ होते, म्हणजे निम्मी रात्र घशाला तेवढे लागतच होते. मग दर रात्री ४ पासून चढण्यात अर्थ नव्हता. किमान जागेवर असले की घसा मिटण्याआधीच उघडा राहतो आणि यंत्राला पाठलाग करावा लागत नाही. पाच रात्रींनी पहाटेच्या स्वप्नझोपेत थोडे अडथळे अजून दिसले, म्हणून ९. एकदम १२ वर उडी मारण्याची गरज कधीच नव्हती. कमाल १४ ठेवले: ११.८ च्या वर दोनेक अंकांची मोकळीक, पण १८-२० पर्यंत धाव नाही. कमाल फार खाली बांधणेही चूक. सर्दीच्या दिवसांत किंवा उताणे झोपल्यावर घशाला जास्त लागू शकते.

रॅम्प ४५ मिनिटांवरून १५ वर, सुरुवात ६ पासून. गुदमरणे पहिल्याच रात्री गेले. नव्या रुग्णाला त्रास होऊ नये म्हणून प्रेशर अगदी खालून सुरू करतात, आणि जाड शरीराच्या माणसाला नेमका त्याच खालच्या प्रेशरचा त्रास होतो. हे घरोघरी दिसते.

ईपीआर ३ वरून २. ईपीआर ३ म्हणजे ९ वर श्वास घेऊन ६ वर सोडायचा. श्वास सोडण्याच्या शेवटी घसा सर्वांत ढिला असतो, तिथेच आधार तीन अंकांनी कमी पडतो. शिवाय घेण्या-सोडण्यातला फरक वाढला की काहींत श्वास जास्त खोल होतो, कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि मेंदू पुढचा श्वास लांबवतो. घसा उघडा असूनही श्वास थांबण्याचे ते एक कारण. पूर्ण बंद केल्यावर श्वास सोडायला जड जाते असे रुग्णाने सांगितले, म्हणून २ वर थांबलो.

सहाव्या आठवड्याचा हिशेब: एएचआय २.६ (मिटलेले ०.६, अर्धवट १.१, उघड्या घशाचे ०.९), गळती ११, ९५ टक्क्यांचे प्रेशर ११.६, वापर ६ तास २० मिनिटे. पोट फुगणे थांबले. लघवीला एकदाच उठणे. एपवर्थ ८. गाडी चालवणे तोवर मुलाकडे होते. पेंग जाईपर्यंत स्टिअरिंगला हात नाही, ही अट पहिल्याच दिवशी घातली होती.

उघड्या घशाचे श्वास ३.६ वरून ०.९ वर आले ते गळती आणि चाळवलेली झोप थांबल्याने. ते तसेच राहिले असते, किंवा पाचच्या वर गेले असते, तर घरी बटणे फिरवणे थांबवायचे होते. नव्याने सीपॅप लावलेल्या काहींत असे श्वास दिसतात आणि बहुतेकांत काही आठवड्यांत, महिन्यांत निवळतात. पण हृदय कमकुवत असेल, पूर्वी पक्षाघात झाला असेल, अफूवर्गीय वेदनाशामके चालू असतील, किंवा आलेखात श्वास लाटेसारखा वाढत-मंदावत थांबताना दिसत असेल, तर हृदयाची इको तपासणी आणि तज्ज्ञ, दुसरे काही नाही. अशा रुग्णाला एएसव्ही यंत्र (दर श्वासागणिक आधार कमी-जास्त करणारे) स्वतःच्या मनाने घेऊन देणे धोक्याचे आहे: २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या सर्व्ह-एचएफ अभ्यासात हृदयाचे इजेक्शन फ्रॅक्शन (एका ठोक्यात बाहेर टाकलेल्या रक्ताचे प्रमाण) ४५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या, मुख्यतः अशाच श्वासांच्या रुग्णांत एएसव्हीमुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढलेले आढळले.

या वजनाच्या माणसात आणखी एक गोष्ट तपासली. लठ्ठपणामुळे दिवसाही कार्बन डायऑक्साइड साचतो का, हे बघायला रक्तातले बायकार्बोनेट पाहतात. २७ च्या खाली असेल तर ती शक्यता बरीच कमी. इथे २५ आले. यंत्र लावून एका रात्रीची ऑक्सिजनची नोंदही घेतली, कारण एएचआय चांगला असूनही फुप्फुसाच्या आजाराने ऑक्सिजन खाली राहू शकतो. तो ९० च्या वर टिकला.

वीज

एवढे झाल्यावरही आठवड्यातून दोन-तीन रात्री वापराचा आलेख मध्येच तुटत होता. त्या रात्री हेस्कॉमची वीज गेलेली. घरी इन्व्हर्टर होता, तरी यंत्र बंद पडायचे आणि वीज इन्व्हर्टरवर आल्यावर सुरू होत नसे. रुग्ण बंद यंत्राचा मास्क लावून थोडा वेळ झोपून, मग तो काढून टाकत.

इन्व्हर्टरच्या मागे इको आणि यूपीएस अशी कळ असते. पंखे-दिव्यांना इको चालतो. सीपॅपला कळ यूपीएसवर हवी, मग बदल इतका झटपट होतो की यंत्राला कळतही नाही. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असावा. श्वास घेताच यंत्र आपोआप सुरू करणारी सोय मेनूमधून चालू केली, म्हणजे कधी बंद पडलेच तर अंधारात बटण शोधावे लागत नाही.

बॅटरी किती पुरेल, याचा हिशेब कागदावर मांडावा. १५० एएच, १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदोपत्री १८०० वॉट-तास. तिची तब्येत राखून निम्मी, ९०० धरावी. ह्युमिडिफायरसकट यंत्र ५० वॉट धरले तर आठ तासांत ४०० लागतात. पण त्याच बॅटरीवर ७५ वॉटचे दोन जुने पंखे असतील तर त्यांचेच १२०० होतात. म्हणजे सगळे मिळून साडेचार तास. रात्री दुसऱ्या खोलीचा पंखा इन्व्हर्टरवरून काढला. पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडच्या सासरवाडीला जाताना, जिथे वीज रात्रभरही जाते, ह्युमिडिफायर बंद ठेवायचे ठरले. तेव्हा वापर काही पटींनी उतरतो आणि पावसाळी हवेत ओलावा असतोच.

फिल्टरची गोष्ट या भागात वेगळी आहे. कंपनीच्या माहितीपत्रकातले महिने स्वच्छ खोलीसाठी असतात. तंबाखूच्या कपड्यांची धूळ, गळीत हंगामात फडातला पाला जाळल्याची काजळी, शेजारच्या चुलीचा धूर. दोन आठवड्यांत पांढरा फिल्टर राखी होत होता. दर रविवारी बघायचा, महिन्याला बदलायचा, पांढरा फिल्टर धुवायचा नाही. वखारीतले कपडे झोपायच्या खोलीबाहेर. जुने यंत्र कमी किमतीत घेणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच: फिलिप्सने जून २०२१ मध्ये आवाजरोधक फोम झिजत असल्याने आपली बरीच श्वसनयंत्रे परत मागवली. वापरलेले यंत्र घेताना त्याचा अनुक्रमांक त्या यादीत तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

यंत्राच्या अंगावर सध्या एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड: ऑटो, ९ ते १४, ईपीआर २, रॅम्प १५ मिनिटे ६ पासून, नाकाचा मास्क, रुंद. कधी शस्त्रक्रियेसाठी किंवा तातडीने दाखल व्हावे लागले, मग ते बेळगावात असो की कोल्हापूर-मिरजेत, यंत्र सोबत न्यायचे आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना ही चिठ्ठी आधी दाखवायची.

पुढची तपासणी सहा महिन्यांनी. वजन नऊ-दहा किलोंनी उतरले किंवा वाढले तर त्याआधीच कार्ड पाहायचे, कारण घशाला लागणारे प्रेशर बदललेले असेल. मास्कची कड तेव्हा बदलायची आहे. बीपीच्या गोळ्या कमी करायच्या का, हे त्यांचे फिजिशियन घरच्या नोंदी पाहून ठरवतील. झोप सुधारली म्हणून गोळी स्वतःहून सोडायची नाही, हे त्यांच्या पत्नीला दोनदा सांगून ठेवले आहे.